कटऑफवरचा एक्का-गुलाम: 200 भरायचे की 1,200?

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो-बोटींपैकी एका बोटीवरचं टेबल. खेळ पोकरचा: नो-लिमिट होल्डेम, म्हणजे हवे तेवढे पैसे लावता येणारं, ब्लाइंड 100 आणि 200, नऊच्या नऊ खुर्च्या भरलेल्या. खेळणारा माझा पुण्याचा मित्र, वयाने बराच धाकटा, नोकरी आयटीतली. त्याच्यासमोर 20,000 च्या चिप्स, म्हणजे शंभर बिग ब्लाइंड. डावात ज्यांच्याशी त्याची गाठ पडली त्यांच्यापुढे त्याहून थोड्या जास्तच. डाव संपल्यावर टेबलावरून उठून त्याने मला मेसेज केला: ‘कटऑफला एक्का-गुलाम ऑफसूट, आधी दोन लिम्प, मी पण कॉल. 8,200 गेले. रिव्हरला फोल्ड करायला हवं होतं का?’

प्रश्न रिव्हरचा होता. रिव्हरवर तासभर वाद घालता येईल, पण मला त्यात फारसा रस नाही. या डावातला निर्णय फ्लॉप यायच्या आधीच झाला होता, दोनशेची चिप पुढे सरकली तेव्हा. तेवढाच क्षण धरून हे प्रकरण मांडतो.

ज्यांनी फक्त दिवाळीतली तीन पत्ती खेळली आहे त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोनच पत्ते मिळतात. मग टेबलाच्या मध्यावर सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, शेवटी आणखी एक, तो रिव्हर. प्रत्येक टप्प्याला पैसे लावण्याची फेरी. डीलरची खूण म्हणून एक गोल चकती फिरते, तिला बटन म्हणतात. बटनाच्या डावीकडचे दोघे पत्ते बघण्याआधीच सक्तीचे पैसे भरतात, ते स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. फ्लॉपच्या आधी बाकीच्यांना तीन वाटा असतात: पत्ते टाकणे (फोल्ड), बिग ब्लाइंडएवढे पैसे भरून आत येणे (कॉल) किंवा वाढवणे. कोणी वाढवलेलं नसताना नुसते तेवढेच भरून आत येण्याला लिम्प म्हणतात. फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत बटनवाला सगळ्यांत शेवटी बोलतो, आणि शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केलं ते फुकट बघायला मिळतं. कटऑफ म्हणजे बटनाच्या लगेच आधीची खुर्ची. बटनवाल्याने पत्ते टाकले की शेवटी बोलण्याचा मान कटऑफकडे येतो. आपल्या प्रकरणात या गोष्टीला फार किंमत आहे.

टेबलावर कोण होतं

गोव्याच्या टेबलांचा एक स्वभाव आहे. 1 फेब्रुवारी 2020 पासून स्थानिक गोवेकरांना कॅसिनोच्या खेळाच्या जागेत प्रवेश नाही, त्यामुळे टेबलावर बसलेले बहुतेक पाहुणे असतात. मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळी, गुजरात, दिल्ली. दोन रात्रींसाठी आलेला माणूस पत्ते टाकत बसायला आलेला नसतो. त्याला फ्लॉप बघायचा असतो. म्हणून लिम्प फार. एकाने भरले की दुसरा भरतो, तिसऱ्याला वाटतं आता स्वस्तात मिळतंय, आणि बघता बघता सहा जण फ्लॉपला.

दुसरीकडे माझ्या मित्रासारखी पोरं. ही खेळ शिकली मोबाइलवर. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, ॲपवरची पैशांची टेबलं बंद झाली, आणि त्यातले काही जण बोटीवर दिसू लागले. यांना सुरुवातीच्या पत्त्यांचे तक्ते पाठ असतात. कटऑफवरून सगळ्यांनी टाकलेले असतील तर अडीच पट वाढवायचं, हे ते झोपेतही सांगतील. पण ‘सगळ्यांनी टाकलेले असतील तर’ हीच अट बोटीवर क्वचित पुरी होते. तक्त्यात लिम्पवाल्या काकांचा रकाना नसतो.

तर त्या डावात पहिल्याने पत्ते टाकले. दुसऱ्या खुर्चीवरच्याने 200 भरले. हा शांत माणूस. मित्राच्या सांगण्यानुसार, बसल्यापासून त्याने एकदाही वाढवलेलं नव्हतं, पण आत मात्र सारखा येत होता. तिसऱ्याने टाकले. चौथ्या खुर्चीवर मुंबईचे एक काका, गप्पिष्ट. त्यांनीही 200 भरले. पाचव्याने टाकले. आता मित्राची पाळी: इस्पिकचा एक्का, चौकटचा गुलाम (चिन्हं वेगळी, म्हणून ऑफसूट). मागे बोलायचे तिघं उरलेले, म्हणजे बटन, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. पॉटमध्ये, म्हणजे मध्यावर जमलेल्या पैशांत, 100, 200 आणि लिम्पचे दोन वेळा 200, मिळून 700.

मित्राने 200 भरले. बटनवाला आला, स्मॉल ब्लाइंडने उरलेले शंभर टाकले, बिग ब्लाइंडने टेबलावर बोटं आपटून चेक केलं, म्हणजे काही न वाढवता पाळी सोडली. सहा जण, पॉट 1,200.

फ्लॉप: बदामचा एक्का, बदामची अठ्ठी, किलवरची पंजी. बिग ब्लाइंडने 800 लावले, शांत माणूस आला, मित्र आला, बाकीचे गेले. टर्नला किलवरची दुर्री, बिग ब्लाइंडचे 2,200. शांत माणूस गेला, मित्र आला. रिव्हरला चौकटची नश्शी, बिग ब्लाइंडचे 5,000. मित्राने बराच वेळ विचार केला आणि भरले. समोरून अठ्ठी-पंजी उघडली, दोन्ही इस्पिकच्या. दोन जोड्या.

200 आणि 800 आणि 2,200 आणि 5,000. बरोबर 8,200.

समोरच्याला अठ्ठी-पंजी लागली, याला पुरावा समजू नये

इथे एक सावधगिरी. शेवट बघून सुरुवात चूक ठरवणं सोपं असतं. फ्लॉपला एक्का-गुलाम-तिर्री आली असती तर याच लिम्पचं मित्राने कौतुक केलं असतं. म्हणून निकाल बाजूला ठेवतो आणि पाळी आली तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढ्यावरच बोलतो.

फोनवर बोलणं झालं ते साधारण असं.

‘दादा, आधीच दोघं आत आले होते. त्यांच्याकडे काहीतरी असणारच ना?’

‘काहीतरी असेल. एक्का-राजा असता तर गप्प बसले असते का?’

‘नसते बसले. पण काकांचा काय नेम?’

‘काकांचा नेम नाही, हीच आपली कमाई आहे.’

त्याच्या डोक्यातला हिशेब तीन पत्तीचा होता. आधीच्या दोघांनी चाल दिली म्हणजे ते जोरात आहेत, तर आपण जपून. तीन पत्तीत हे पटण्यासारखं आहे, कारण तिथे पैसे भरणारा आपले तिन्ही पत्ते बघून भरत असतो (ब्लाइंड नसेल तर), आणि नवा पत्ता यायचा नसतो. होल्डेममध्ये लिम्प करणाऱ्याने उलट एक गोष्ट उघड केलेली असते: वाढवण्यासारखे पत्ते माझ्याकडे बहुधा नाहीत. मोठी जोडी, एक्का-राजा, एक्का-राणी हातात असताना बहुतेक लोक वाढवतात. काही जण टिपून बसतात, त्यांच्याकडे नंतर येतो.

आता मोजून बघू. आपल्या हातात एक एक्का आणि एक गुलाम आहे, म्हणजे गड्डीत तीन एक्के उरले. एक्का आणि दश्शी ते दुर्रीपैकी एक, असे हात किती बनतात? तीन एक्के गुणिले प्रत्येक आकड्याचे चार पत्ते, बारा. असे आकडे नऊ. एकूण 108 हात, आणि या सगळ्यांवर आपला गुलाम भारी. याउलट आपल्यावर भारी पडणारे एक्क्याचे हात दोनच प्रकारचे, एक्का-राजा आणि एक्का-राणी: बारा आणि बारा, 24. लिम्प करणाऱ्यांकडून हे 24 आणखी कमी संभवतात आणि ते 108 आणखी जास्त. एक्का-सत्ती घेऊन फ्लॉप बघायला येणारा माणूस या टेबलावर हटकून सापडतो. तोच आपल्याला हवा आहे, आणि त्याने 200 नाही, 1,200 भरून यावं अशी आपली इच्छा हवी.

मागच्या तिघांचं काय? तिथे खरी भीती असते, कारण ते अजून बोललेले नाहीत. आपल्यावर सरळ भारी असे हात मोजू: एक्क्यांची जोडी (उरलेल्या तीन एक्क्यांतून) 3, राजांची 6, राण्यांची 6, गुलामांची 3, एक्का-राजा 12, एक्का-राणी 12. एकूण 42. उरलेल्या पन्नास पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या जोड्या बनतात 1,225. म्हणजे एका माणसाकडे असा हात असण्याची शक्यता 3.4 टक्के. तिघांपैकी निदान एकाकडे असण्याची शक्यता साधारण 10 टक्के.

हेच एक्का-गुलाम पहिल्या खुर्चीवर आले असते तर मागे आठ जण बोलायचे राहतात, आणि तीच शक्यता 24 टक्क्यांवर जाते. शिवाय फ्लॉपनंतर जवळपास सगळे आपल्यानंतर बोलणार. पत्ते तेच, पण पहिल्या खुर्चीवर मी ते टाकून देतो. कटऑफवर दहातल्या नऊ वेळा रस्ता मोकळा आहे, आणि आधीच्या दोघांनी आपली दुबळी बाजू स्वतःहून सांगितली आहे. वाढवण्यासाठी याहून वेगळी परिस्थिती कशी असते, मला सांगता येणार नाही.

1,200 च का

ऑनलाइन सवयीप्रमाणे मित्राने वाढवलंच असतं तर 500 केलं असतं. त्याने नंतर हे स्वतःच कबूल केलं: ‘पाचशे करणार होतो, पण पाचशेला सगळेच येतात म्हणून म्हटलं दोनशेच भरू.’ निरीक्षण बरोबर. पाचशेला सगळे येतात. त्यावरचा उपाय दोनशे नाही, बाराशे आहे.

ढोबळ ठोकताळा असा की कोणी आत आलेलं नसताना आपण जेवढं वाढवतो त्यात प्रत्येक लिम्पसाठी एक बिग ब्लाइंड मिळवायचा. तिप्पट म्हणजे 600, दोन लिम्पचे 400, झाले 1,000. बोटीवरचे लोक हात मोकळे सोडून खेळतात म्हणून त्यात आणखी एक. आकडा टेबल बघून ठरतो. कसोटी एवढीच की एक, फार तर दोन गिऱ्हाइकं यावीत. चार आली तर भाव कमी लावला, सलग कोणीच आलं नाही तर जास्त.

गिऱ्हाईक एकच का हवं, हे एक्क्यांच्या जोडीवरून चांगलं कळतं. कुठल्याही एका हाताविरुद्ध शेवटपर्यंत ती साधारण 85 टक्के वेळा जिंकते. पाच जणांविरुद्ध तीच जोडी निम्म्या वेळेपर्यंत घसरते. सर्वांत भारी हाताची ही गत, तर एक्का-गुलामाची काय? एका अनोळखी हाताविरुद्ध त्याला साधारण 64 टक्के आहेत. पाच जण आले की एखाद्याने एखादी अठ्ठी-पंजी जुळवलेली असतेच. अठ्ठी-पंजीवाला वाईट खेळला असंही नाही. त्याला कोणी पैसेच मागितले नाहीत. बिग ब्लाइंडवर तो फुकटात बसून होता. बाराशेला त्याला आणखी हजार भरावे लागले असते, तेही अठ्ठी-पंजीवर आणि फ्लॉपनंतर सगळ्यांच्या आधी बोलायच्या जागेवरून. भरले असते? दिल्लीकडचा तो गडी जोमात होता, कदाचित भरलेही असते. भरू दे. तो हजार रुपये चुकीच्या भावाने भरतो, तेव्हा आपल्याला तक्रार करायचं कारण नसतं.

बाराशेचा कच्चा हिशेब मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, ज्याने त्याने आपल्या टेबलाप्रमाणे बदलावेत. समजा दोन्ही लिम्पवाले निम्म्या वेळा टाकतात आणि मागच्या तिघांकडे काही नाही. चारातून एकदा सगळेच टाकतात, आपण 700 उचलतो. (बहुतेक ठिकाणी फ्लॉप न उघडता संपलेल्या डावावर रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, कापत नाहीत, तेवढा आणखी फायदा.) चारातून दोनदा एकच येतो: पॉट 2,900, आपला त्यातला वाटा निम्मा धरला तर 1,450, म्हणजे भरलेल्या बाराशेवर 250 वर. चारातून एकदा दोघेही येतात: पॉट 3,900, वाटा 38 टक्के धरला तर 1,482, म्हणजे 282 वर. सरासरी काढली की 370 च्या आसपास. आता दहातून एकदा मागे कोणाकडे मोठा हात निघतो आणि आपले बाराशे जातात, हे वजा करू: 370 चे नऊ दशांश 333, त्यातून 120 गेले, उरले 213. डावाला एका बिग ब्लाइंडहून थोडं जास्त. वाटे मी मुद्दाम हात आखडता घेऊन धरले आहेत. शेवटी बोलण्याचा फायदा त्यात धरलेलाच नाही.

तो फायदा मात्र बाराशेतली सगळ्यांत आवडती गोष्ट आहे माझी. दोनशे भरले तेव्हा बटनवाला हसत आत आला. त्याच्या हातात काय होतं कोण जाणे, पण त्याने शेवटी बोलण्याची जागा धरून ठेवली. बाराशे म्हटलं असतं तर त्याला दोन लिम्प, एक वाढवणारा आणि मागचे ब्लाइंड एवढ्यांसमोर बाराशे भरायचे होते. बहुतेक हात तिथे टाकले जातात. याला खेळणारे ‘बटन विकत घेणं’ म्हणतात. आणि मित्राने डोकं वर करून डावीकडे बघितलं असतं तर हे त्याला आधीच कळलं असतं. मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्याला आठवलं: बटनवाल्याने पत्ते बघून झाल्यावर ते बोटांच्या चिमटीत टेबलाच्या कडेपुढे आणून धरले होते, फेकायला निघाल्यासारखे. दोनशेचा कॉल बघून त्याने ते परत मागे घेतले आणि चिप टाकली. अशी खूण समोरासमोरच्या टेबलावर फुकट मिळते. मोबाइलवर वाढलेल्या पोरांची नजर स्वतःच्या पत्त्यांवर असते, टेबलावर नसते.

पॉट लहान, चिप्स मोठ्या

लिम्पचा दुसरा तोटा लगेच दिसत नाही. सहा जणांच्या 1,200 च्या पॉटमागे मित्राच्या हाताशी 19,800 होते. साडेसोळा पट. एवढ्या फरकात एका जोडीने, मग ती एक्क्याची का असेना, मोठे पैसे भरणं धोक्याचं. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत पैसे लागत जातात, आणि शेवटच्या पाच हजारांपर्यंत समोर टिकून असलेल्याकडे एका जोडीहून जास्त असण्याकडे कल झुकतो. वाढवून एक गिऱ्हाईक आलं असतं तर पॉट 2,900 आणि मागे 18,800, म्हणजे साडेसहा पट. तिथे वरची जोडी आणि गुलाम किकर (जोडीसोबतचा दुसरा पत्ता) हा भरवशाचा हात आहे. त्यावर दोन फेऱ्या मनापासून पैसे लावता येतात, आणि एक्का-सत्तीवाला ते भरतोही.

एक्का-गुलामाला फ्लॉपवर निदान एक जोडी लागण्याची शक्यता 32 टक्के, जेमतेम तीनातून एकदा. म्हणजे उरलेल्या दोन वेळा काहीच लागत नाही. सहा जणांच्या पॉटमध्ये काहीच न लागलेला एक्का-गुलाम म्हणजे कचरा. एकाविरुद्ध मात्र त्यालाही दोन तृतीयांश वेळा काही लागलेलं नसतं, आणि वाढवणारे आपण होतो हे त्याला आठवत असतं. तो चेक करतो, आपण पॉटच्या निम्मे लावतो, तो जातो. या छोट्या छोट्या पॉटांचा हिशेब कोणी रंगवून सांगत नाही, पण रात्रीच्या शेवटी चिप्सचा ढीग त्यांच्यावरच उभा असतो.

आणि कधी वाढवायचं नाही

मित्राने हे सगळं ऐकून विचारलं, ‘म्हणजे लिम्पच्या मागे लिम्प कधीच नाही?’ असंही नाही. त्याच खुर्चीवर, त्याच दोघांच्या मागे, हातात चौक्यांची जोडी असती तर मी खुशाल 200 भरले असते. चौक्यांच्या जोडीला तिसरी चौकी फ्लॉपवर लागण्याची शक्यता पावणेबारा टक्के, साडेआठातून एकदा. लागली तर हात लपलेला असतो आणि मागे 19,800 असतात. माणसं जितकी जास्त तितकं बरं, कोणाला तरी एक्क्याची जोडी लागलेली असते आणि तो पाच हजारांपर्यंत भरत येतो. नाही लागली तर दोनशे सोडून निघायचं, विचार नाही. एक्का-गुलामाचं गणित याच्या बरोबर उलटं, आणि मित्राने चौक्यांचा खेळ एक्का-गुलामाने खेळला.

शांत माणसाने लिम्प न करता दुसऱ्या खुर्चीवरून 600 केलं असतं, तर? मग मी एक्का-गुलाम टाकतो, आणि फार वेळ लावत नाही. सात जणांच्या तोंडावर, तेही तासाभरात एकदाही न वाढवलेल्या माणसाने वाढवलं, तर ते 108 हात त्याच्याकडून जवळजवळ नाहीसे होतात आणि 24 जिवंत होतात. एक्का-राणीसमोर एक्का-गुलाम चारातून एकदा जिंकतो. पहिल्यांदा वाढवायला जेवढा हात पुरतो, त्याहून चांगला हात दुसऱ्याच्या वाढवण्याला उत्तर द्यायला लागतो. नवख्यांचं नेमकं उलटं असतं, स्वतः वाढवायला घाबरतात आणि दुसऱ्याने वाढवलं की ‘बघू तरी’ म्हणून भरतात.

चिप्स कमी असतील तर बाराशेचा पर्यायच गळतो. समोर 3,000 असताना त्यातले बाराशे टाकून नंतर पत्ते टाकणं परवडत नाही. तिथे एक तर सगळे तीन हजार किंवा काही नाही. अशा लिम्पवाल्यांविरुद्ध माझा कौल सगळे तीन हजार लावण्याच्या बाजूने. कोणी 400 चा स्ट्रॅडल (पत्ते बघण्याआधीच स्वखुशीने भरलेले बिग ब्लाइंडच्या दुप्पट पैसे) लावला असेल तर तोच डाव शंभराऐवजी पन्नास पटीचा होतो आणि सगळे आकडे दुपटीने बदलतात. याकडे बोटीवर फार कमी लोक लक्ष देतात.

आणखी एक सवय या मित्रात आहे, ती या डावात दिसली नाही पण सांगायला हवी. एक्क्यांची जोडी आली की तो 2,000 करतो, ‘कोणी येऊ नये म्हणून’. मुंबईच्या काकांना पोकर फारसं येत नसेल, पण तीस वर्षं माणसं ओळखायचा धंदा केलेला असतो. दोन वेळा बघितलं की तिसऱ्यांदा ते पत्ते टाकून चहा मागवतात. त्या खुर्चीवरून वाढवायचं ठरलं की एक्क्यांनाही बाराशे, एक्का-गुलामालाही बाराशे.

टिपून बसलेल्याचं काय

मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न. लिम्प करून दबा धरणारे असतात, आणि मागे दहातून एकदा मोठा हात निघतो हे आपणच मोजलं. समजा बाराशे केलं आणि बिग ब्लाइंडने 4,200 केलं. लिम्पवाले गेले. आता 3,000 आणखी भरायचे आहेत आणि पॉटमध्ये 5,900 आहेत: आपले 1,200, त्याचे 4,200, स्मॉल ब्लाइंडचे 100, लिम्पचे 400. बरोबरीत सुटायलाही 8,900 त 3,000, म्हणजे 34 टक्के तरी हवेत. या टेबलावर असं परत वाढवणाऱ्याकडे साधारण राण्या, राजे, एक्के किंवा एक्का-राजा असतो. त्या सगळ्यांची भेळ धरली तर एक्का-गुलामाला 26 टक्क्यांच्या आसपास मिळतात. पत्ते टाकायचे.

मित्राला इथेच सर्वांत जास्त त्रास होतो असं दिसलं. ‘बाराशे वायाच गेले ना मग?’ गेले. सहा बिग ब्लाइंड. त्याच्या लिम्पला एकेचाळीस लागले होते, आणि त्यातले पंचवीस तरी अशा फेरीत गेले जिथे समोरच्याकडे काय आहे याचा त्याला जराही अंदाज नव्हता, कारण फुकट आलेल्या बिग ब्लाइंडकडे काहीही असू शकतं: अठ्ठी-पंजी, एक्का-दुर्री, बदामाचे दोन न जुळलेले पत्ते. वाढवल्यावर जो येतो किंवा परत वाढवतो, त्याच्या हातांची यादी निदान आटोपशीर होते. रिव्हरच्या त्या 5,000 वर त्याने बराच वेळ विचार केला असं तो सांगतो. विचार कशावर केला, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

रिव्हरबद्दल त्याने पुन्हा विचारलंच. मी म्हटलं, तिथे मी टाकले असते. सहा जणांच्या पॉटमध्ये तीन फेऱ्या सलग लावत आलेला बिग ब्लाइंड एका जोडीवर पाच हजार क्वचित लावतो. पण पुढच्या वेळी बोटीवर गेलास की रिव्हरचं राहू दे, लिम्पच्या मागे पाळी आली की आधी डावीकडे बघ, मग चिप्स मोज. त्याने विचारलं, डावीकडचा बटनवाला पत्ते फेकायच्या बेतात नसेल, उलट चिप्स हातात घेऊन बसला असेल तर? मग एक्का-गुलाम असला तरी मी बाराशेच्या आधी थोडा थांबेन. चिप्स उचलून बसलेला बटनवाला जर नेहमी वाढवणाऱ्यांपैकी असेल तर टाकेनही, आणि नुसता फ्लॉप बघायला उतावीळ असेल तर चौदाशे करेन.